क्रुश्वित्सा : सरोवरकाठचे गाव आणि त्याची आख्यायिका



प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण पुन्हा पुन्हा एका अडचणीपाशी येतो. प्रवासी एखाद्या ऐतिहासिक स्थळी जातो तेव्हा त्याला तेथे दोन गोष्टी एकाच वेळी भेटतात : एक डोळ्यांना दिसणारी वास्तू आणि दुसरी त्या वास्तूविषयी सांगितली जाणारी कथा. स्थळ दाखविणारा माणूस या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगून मोकळा होतो आणि प्रवासीही त्या तशाच वहीत उतरवून घेतो. वास्तविक त्या दोहोंचे वय वेगळे असते, जन्मस्थान वेगळे असते, आणि कित्येकदा त्यांचा परस्परांशी मूळचा काही संबंधही नसतो. हा प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून येथे आपण एक परके उदाहरण घेत आहोत. परके अशासाठी की, आपल्या ओळखीच्या स्थळांविषयी आपली श्रद्धा आणि अभिमान आड येतात. परक्या स्थळाकडे थोडे मोकळेपणाने पाहता येते.

हे उदाहरण म्हणजे पोलंडमधील क्रुश्वित्सा हे गाव. पोलंड म्हटले की कोल्हापूर परिसरातील वाचकांना वळिवडे आठवेल. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तेथील छावणीत राहत होते. ते लोक मुख्यतः त्या देशाच्या पूर्व भागातून आलेले होते. क्रुश्वित्सा मात्र पश्चिमेकडे, कुयावी या प्रांतात आहे. पोलिश राज्याच्या आरंभीच्या इतिहासाशी ज्या थोड्या गावांची नावे जोडली जातात, त्यांपैकी हे एक होय.

गावाकडे जाताना

पोझनान किंवा तोरून या मोठ्या शहरांकडून रेल्वेने इनोव्रोत्सवाव्ह येथे उतरावे आणि तेथून दक्षिणेकडे सुमारे १५ किलोमीटर रस्त्याने जावे, हा सोयीचा मार्ग. वाटेत डोंगर नाही, घाट नाही. कुयावीची जमीन सपाट आणि काळी आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला त्या मातीचा रंग पाहून क्षणभर घरी आल्यासारखे वाटेल. पिके मात्र गहू, साखरबीट आणि रेपसीड नावाची मोहरीच्या कुळातील तेलबी. मे महिन्यात रेपसीडची शेते क्षितिजापर्यंत पिवळी होतात.

या सपाटीत गोप्वो सरोवर अचानक समोर येते. (पोलिश लिपीत 'ल' या अक्षरावर आडवी रेघ असेल, तर त्याचा उच्चार 'व'च्या जवळ जातो, नकाशात 'गोप्लो' असे दिसले तरी ते 'गोप्वो'च वाचावे.) हिमयुगातील बर्फाच्या थराखालून वाहणाऱ्या पाण्याने कोरलेल्या खोलगट चरात हे सरोवर साठले आहे. त्यामुळे त्याचा आकार तळ्यापेक्षा रुंद नदीसारखा वाटतो : लांबी सुमारे २५ किलोमीटर, रुंदी जेमतेम अडीच किलोमीटरपर्यंत. नोतेच नदी त्यातून वाहते. सरोवराच्या उत्तर टोकाला, पाण्यात घुसलेल्या भूशिरावर, आठ बाजूंचा एक विटांचा मनोरा उभा आहे. त्याची उंची ३२ मीटर आहे. आजूबाजूला दुसरे काहीच उंच नसल्याने तो असतो त्याहून उंच भासतो. लोक त्याला 'मिशा व्येझा' म्हणतात. मराठीत सांगायचे तर उंदरांचा मनोरा.

सुमारे नऊ हजार वस्तीच्या या गावाची ओळख जवळजवळ संपूर्णपणे त्या एका नावावर उभी आहे. त्या नावामागची कथा आता पाहू.

कथा

फार पूर्वी पोपिएल नावाचा राजा होता. तो जुलमी होता. त्याच्या पत्नीने त्याच्या मनात भरविले की, तुझे चुलते तुझ्या राज्यावर टपले आहेत. राजाने आजारपणाचे सोंग घेऊन चुलत्यांना निरोप घ्यायला बोलावले आणि भर मेजवानीत विषाचे पेले पाजून ठार केले. प्रेतांना अंत्यसंस्कारही लाभू दिला नाही. त्या सडणाऱ्या प्रेतांतून उंदीर निर्माण झाले आणि राजाच्या मागे लागले. राजा पाण्याने वेढलेल्या मनोऱ्यात पळाला. उंदीर पोहून आले, भिंती चढून गेले आणि त्यांनी राजाला कुरतडून खाल्ले. त्यानंतर पिआस्त नावाच्या एका गरीब, अतिथिशील माणसाच्या वंशाकडे राज्य आले आणि त्या वंशाने पुढे पोलंडवर शतकानुशतके राज्य केले.

पोलंडमध्ये ही कथा मुलांना लहानपणीच भेटते. क्रुश्वित्साला येणारा पोलिश पर्यटक ती ऐकायला येत नाही. ती त्याला आधीपासून ठाऊक असते. ज्या मनोऱ्यात ती घडली तो पाहायला तो येतो. आपल्या विवेचनाचा खरा प्रारंभ येथे होतो. कारण त्या मनोऱ्यात ती घडलेली नाही.

मनोऱ्याचे वय

पोपिएल ऐतिहासिक पुरुष होता असे गृहीत धरले, तरी त्याचा काळ इसवी सनाच्या ९व्या शतकाच्या पुढे आणता येत नाही. कारण पिआस्तचा वंशज मानला जाणारा मिएश्को हा ९६६मध्ये बाप्तिस्मा घेतलेला राजा इतिहासात निश्चितपणे ठाऊक आहे आणि पिआस्त व मिएश्को यांच्यामध्ये काही पिढ्या सांगितल्या जातात. आज दिसणारा मनोरा मात्र १४व्या शतकाच्या मध्यातला आहे. कुयावी प्रांत १३३२मध्ये ट्यूटॉनिक या जर्मन लढाऊ धर्मसंघाच्या ताब्यात गेला होता. १३४३च्या कालिश येथील तहाने तो पोलंडला परत मिळाला. त्यानंतर थोरला काझिमियेश या राजाने येथे विटांचा किल्ला बांधविला. मनोरा हा त्या किल्ल्याचा एक भाग. १६५७मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला जाळला. पुढे भिंती पाडून त्यांच्या विटा इतरत्र नेण्यात आल्या. उरला तो हा मनोरा आणि भिंतीचा एक तुकडा.

म्हणजे कथा आणि वास्तू यांच्यात सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे. काझिमियेशविषयी पोलंडमध्ये अशी म्हण आहे की, त्याला पोलंड लाकडाचा मिळाला आणि त्याने तो विटांचा करून ठेवला. पोपिएलच्या मृत्यूचा सर्वांत जुना वृत्तान्त ज्या मनोऱ्याचा उल्लेख करतो, तो लाकडी आहे. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. काझिमियेश हा पिआस्त वंशाचा शेवटचा राजा. ज्या घराण्याचा उदय पोपिएलच्या नाशातून झाला असे कथा सांगते, त्याच घराण्याच्या अखेरच्या राजाने बांधलेल्या मनोऱ्यावर त्या नाशाची कथा जाऊन बसली. कोणा कादंबरीकाराने ही योजना केली असती, तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

कथा कशी वाढली?

लोककथा जशी आज ऐकू येते तशीच ती प्रारंभापासून होती, असे आपण सहज धरून चालतो. येथे आपल्याजवळ तिच्या वाढीचे लेखी टप्पे आहेत, म्हणून हे उदाहरण अभ्यासाला फार सोयीचे आहे.

सर्वांत जुना टप्पा १२व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. बोलेस्वाव्ह तिसरा या पिआस्त राजाच्या दरबारी एका परदेशी धर्मोपदेशकाने लॅटिनमध्ये राजवंशाचे इतिवृत्त लिहिले. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. पुढील काळाने त्याला 'गाल्लुस अनामिक' म्हणून ओळखले. त्याच्या वृत्तान्तात पोपिएल राहतो तो क्रुश्वित्सात नव्हे, ग्न्येझ्नो येथे. त्याच्या मुलांचे केस कापण्याचा समारंभ असतो. (आपल्याकडील जावळासारखाच हा विधी, तिकडे तो मुलगा मोठा झाल्यावर होत असे.) दोन अनोळखी पाहुणे दारी येतात, त्यांना हाकलून दिले जाते. ते गावाबाहेर पिआस्त नावाच्या नांगऱ्याच्या झोपडीत जातात. त्याच्याही घरी मुलाचे केस कापायचे असतात. त्यासाठी त्याने थोडी बीर आणि एक डुकराचे पिल्लू जपून ठेवलेले असते. ते तो पाहुण्यांपुढे ठेवतो, आणि कितीही वाढले तरी बीर संपत नाही, मांस सरत नाही. त्या मुलाचे नाव शेमोवित. पुढे तोच राजा होतो.

या जुन्या वृत्तान्तात विष नाही. चुलते नाहीत. राजाचे कान भरणारी पत्नीही नाही. उंदीर आहेत, पण ते 'म्हातारी माणसे सांगतात' अशा थाटात, शेवटी जोडलेले. पदच्युत पोपिएलचा उंदरांनी इतका पिच्छा पुरविला की त्याच्या माणसांनी त्याला एका बेटावरील लाकडी मनोऱ्यात नेले. मारलेल्या उंदरांची दुर्गंधी असह्य होऊन सारे त्याला सोडून गेले आणि तो एकटा कुरतडला जाऊन मेला. बेट कोणते, याचा उल्लेख नाही.

सुमारे शंभर वर्षांनंतर विन्त्सेंती काद्वुबेक या बिशपने विषप्रयोग आणि दुष्ट पत्नी यांची भर घातली. त्यानंतरच्या काळातील, मोठ्या पोलंडचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इतिवृत्तात राजाचा अंत क्रुश्वित्साच्या मनोऱ्यात झाला. १५व्या शतकात यान द्वुगोश या इतिहासकाराने पिआस्तलाही ग्न्येझ्नोहून उचलून क्रुश्वित्साला आणून बसविले. अशा प्रकारे तीनशेहून अधिक वर्षांत कथेला कारण मिळाले, खलनायिका मिळाली आणि पत्ता मिळाला. दोष पत्नीवर ढकलण्याची सोय नंतर झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राजकथांमध्ये ती नेहमीच नंतर होते, असे माझे मत आहे.

आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा : उंदीरच का? गाल्लुस ज्याच्या आश्रयाने लिहीत होता, तो राजा पिआस्तांच्या वंशातला होता. जुन्या राजाला दूर करून नवे घराणे आले, हे तर सांगायचे. पण जुन्याला कोणी मारले, हे न सांगितलेले बरे. उंदरांनी खाल्ले म्हणजे कोणाचेच हात रक्ताने माखले नाहीत. मराठी बखरी वाचताना लेखक कोणाच्या आश्रयाला होता हे आपण प्रथम पाहतो. तीच सावधगिरी येथेही हवी. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे. आणि तो लिहिताना तर्क म्हणूनच लिहिला पाहिजे.

दुसरी एक गोष्ट. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पात्रात बिंगेन येथे असाच 'उंदरांचा मनोरा' आहे. तेथील कथेत दुष्काळात गरिबांना कोठारात कोंडून जाळणारा हात्तो नावाचा आर्चबिशप आहे. त्यालाही उंदीर पोहत जाऊन मनोऱ्यात खातात. तो मनोरा जकातवसुलीशी संबंधित होता, आणि जकात या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाचा उच्चार उंदीर या शब्दाजवळ गेल्याने ही कथा चिकटली असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण होय. लोकसाहित्याच्या परिभाषेत 'पाप्याला उंदीर खातात' हा एक फिरता कल्पनाबंध आहे. त्याला पाणी लागते, मनोरा लागतो आणि एक मोठा अपराधी लागतो. जेथे पहिले दोन आयते मिळतात, तेथे तिसरा शोधून काढला जातो.

जे नावात उरले नाही

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, मग या गावात पाहण्याजोगे खरे काय आहे? सांगतो.

त्याच गाल्लुसच्या इतिवृत्तात क्रुश्वित्साचे नाव स्पष्टपणे येते, पण ते वेगळ्या प्रसंगात. १०९६मध्ये व्वादिस्वाव्ह हेर्मान या राजाविरुद्ध त्याचा मुलगा झ्बिग्न्येव्ह उभा राहिला. क्रुश्वित्साने मुलाची बाजू घेतली. गोप्वोच्या काठी बाप-लेकांची सैन्ये भिडली आणि लेकाचा पराभव झाला. गाल्लुस सांगतो, इतकी माणसे मेली आणि पाण्यात इतके रक्त व प्रेते गेली की पुढे बराच काळ कोणी भला ख्रिस्ती या सरोवरातला मासा खाईना. तोवर संपन्न आणि लढाऊ असलेले क्रुश्वित्सा जवळजवळ ओसाड झाले. हे लिहिले गेले ते घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी, म्हणजे ती पाहिलेली माणसे हयात असताना.

या दोन वृत्तान्तांची तुलना करा. एकीकडे अनिश्चित काळातला, अनिश्चित बेटावरचा, उंदरांनी खाल्लेला राजा. दुसरीकडे निश्चित वर्ष, निश्चित स्थळ आणि गावाच्याच माणसांचा मृत्यू. नाव मात्र मिळाले ते पहिल्याला. मासे न खाण्याचा तो तपशील कोणत्याही दंतकथेइतका प्रभावी आहे. तरीही लोकस्मृतीने तो उचलला नाही. त्या कथेत दुष्टाला शिक्षा झालेली नाही, कदाचित म्हणून. बाप जिंकला, लेक हरला आणि मध्ये सापडलेले गाव बुडाले, एवढेच तिचे कथानक.

त्या काळाच्या जवळची वास्तू पाहायची असेल, तर मनोऱ्याकडे पाठ करून पाण्याच्या पलीकडच्या बाजूला जावे. तेथे संत पीटर आणि संत पॉल यांचे चर्च आहे. ते १२व्या शतकाच्या पूर्वार्धातले, म्हणजे गाल्लुसच्या लेखनाच्या आसपासचे. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांचे घडीव दगड, जाड भिंती, अर्धगोल कमानी, लहान खिडक्या. रोमानेस्क म्हणून ओळखली जाणारी शैली. पुढील बाजूचा विटांचा बुरूज नंतर जोडलेला आहे, हे दगड आणि वीट यांच्या सांध्यावरून नवख्यालाही कळते. येथे कोणतीही रोमांचक कथा सांगितली जात नाही, म्हणून गर्दीही नसते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावात थोड्याच दशकांत एवढे मोठे दगडी काम उभे राहिले, हे भिंतीला हात लावून पाहताना जे जाणवते, ते मनोऱ्याच्या शंभरहून अधिक पायऱ्या चढताना जाणवत नाही.

तरीही मनोरा चढावा

आख्यायिका खोटी ठरली म्हणजे ती टाकून द्यावी, असा निष्कर्ष काढण्याची घाई नवअभ्यासकाला होते. ती घाई करू नये. १९व्या शतकात पोलंड हे राज्यच नकाशावर नव्हते. शेजारच्या तीन सत्तांनी ते वाटून घेतले होते आणि क्रुश्वित्सा प्रशियाच्या वाट्याला आले होते. अशा काळात 'आपले पहिले राज्य येथे सुरू झाले' असे सांगणारा मनोरा ही साधी गोष्ट नव्हती. देशाबाहेर राहणाऱ्या युलिउश स्वोवात्स्की या कवीने 'बाल्लादिना' हे नाटक गोप्वोच्या परिसरात घडविले. ते १८३९मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. त्यातील सरोवराच्या जलदेवतेला त्याने गोप्लाना असे नाव दिले. क्राशेव्स्की या कादंबरीकाराने १८७६मध्ये पोपिएल आणि पिआस्त यांच्या कथेवर 'स्तारा बाश्न्य', म्हणजे 'जुनी कहाणी', ही कादंबरी लिहिली. ९व्या शतकात काय घडले हे या कृतींवरून कळत नाही. राज्य गमावलेल्या लोकांना आपल्या आरंभाची कथा किती हवी होती, हे मात्र कळते, आणि तोही इतिहासच आहे.

तेव्हा उन्हाळी हंगामात गेलात, तर मनोरा जरूर चढा. हिवाळ्यात तो बंद असतो. वरून दक्षिणेकडे सरोवर लांबवर निमुळते होत जाताना दिसते. काठाला वेताळ गवताची दाट बने आहेत, पाणपक्ष्यांची वस्ती आहे. पोलिश राज्याच्या सहस्राब्दीची आठवण म्हणून या परिसराला १९६७मध्ये 'सहस्रक उद्यान' असे नाव देऊन संरक्षण मिळाले. पाणी पूर्वी आजच्यापेक्षा वर होते. १८व्या आणि १९व्या शतकांत नोतेचच्या पात्रात झालेल्या कामांनी सरोवराची पातळी उतरली. म्हणून खाली दिसणारा किनारा हा गाल्लुसच्या काळचा किनारा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. मनोऱ्याच्या पायथ्याजवळून सरोवरात फेरी मारणारी बोट सुटते. तिचे नाव 'रुसाव्का', म्हणजे स्लाव्ह लोककथांतील पाण्यातली स्त्री. आपल्याकडच्या आसरांची दूरची बहीण म्हणा.

आणि वरून दिसणारे कारखानेही पाहण्याचे टाळू नका. पर्यटक छायाचित्र काढताना ते चौकटीबाहेर ठेवतात. क्रुश्वित्सात रेपसीडचे तेल काढणारा मोठा कारखाना आहे. 'कुयाव्स्की' या नावाचे तिथले तेल पोलंडभर स्वयंपाकघरांत वापरले जाते. साखरेचा कारखानाही १९व्या शतकापासूनचा. गावकऱ्यांची चूल उंदरांच्या कथेवर पेटत नाही, ती या काळ्या मातीतल्या बीट आणि तेलबीवर पेटते. प्रवासवर्णनातून हा भाग सहसा गळतो, कारण तो 'ऐतिहासिक' वाटत नाही.

लिहून पाहा

तुमच्या परिसरातील एखादे तळे, गढी, बारव किंवा मंदिर निवडा. तेथे सांगितली जाणारी कथा एका वयस्क व्यक्तीकडून ऐकून तिच्याच शब्दांत सुमारे १५० शब्दांत उतरवा. नंतर वेगळ्या कागदावर त्या वास्तूचे फक्त डोळ्यांना दिसणारे वर्णन करा : दगड की वीट, सांधे कोठे आहेत, नंतरची भर कोणती वाटते. शेवटी पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा. कथेतील कोणता तपशील वास्तूशी जुळत नाही? तीच कथा दुसऱ्या गावीही सांगितली जाते का? आणि त्या ठिकाणी घडलेली, पण कोणी न सांगणारी एखादी घटना गावातल्या कागदपत्रांत किंवा कोणाच्या आठवणीत सापडते का?